सागरी महामार्गासाठी मोटरसायकल निवडताना : हिमालयन ४५० की व्ही-स्ट्रॉम एसएक्स?

रेवसपासून रेडीपर्यंत किनारा धरून निघालेल्या दुचाकीस्वाराला एकाच दिवसात जंगलजेट्टीचा (गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीच्या धक्क्याचा) ओला उतार, जांभ्याच्या गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) जेमतेम एका गाडीची वाट, सड्यावरचा (कातळाच्या उघड्या माळावरचा) वाऱ्याचा मोकळा रस्ता आणि खाडीकडे उतरणारी अवघड वळणे असे सगळेच भेटते. त्यातून पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावकडे जायचे झाले, तर कुंभार्ली, आंबा किंवा आंबोलीचा घाट चढावा लागतो. अशा प्रवासासाठी दोन ते साडेतीन लाखांच्या टप्प्यात मोटरसायकल शोधणाऱ्यापुढे रॉयल एन्फील्डची हिमालयन ४५० आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही दोन नावे हमखास येतात. या दोहोंतून निवड कशी करावी, हे येथे पायरीपायरीने मांडले आहे. माझे मत आधीच नोंदवतो. तुमच्या नेहमीच्या मार्गावरची सर्वांत संथ आणि अडचणीची जागा कोणती, आणि तिथे ही गाडी तुम्हाला कोणाच्या मदतीशिवाय सांभाळता येईल का, हा प्रश्न किनारपट्टीवर गाडीच्या ताकदीच्या आधी विचारायला हवा.

तुलनेपुरती माहिती अशी. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आली. तिचे एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन ४५२ सीसीचे असून ते ८,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) सुमारे ४० पीएस (अश्वशक्तीचे एकक) शक्ती आणि ५,५०० आरपीएमला ४० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. द्रवपदार्थांसह वजन १९६ किलो, टाकी १७ लिटरची, पुढचे चाक २१ इंचांचे आणि मागचे १७ इंचांचे. व्ही-स्ट्रॉम एसएक्स एप्रिल २०२२ पासून विक्रीस आहे. तिचे २४९ सीसीचे, ऑइलने थंड होणारे इंजिन ९,३०० आरपीएमला २६.५ पीएस आणि ७,३०० आरपीएमला २२.२ एनएम देते. वजन १६७ किलो, टाकी १२ लिटरची, पुढचे चाक १९ इंचांचे आणि मागचे १७ इंचांचे. गिअर दोन्हींना सहा आहेत आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांना आहे. शोरूममध्ये जाण्यापूर्वी एवढे आकडे पुरेसे आहेत.

पहिली पायरी : आपला रस्ता कागदावर लिहून काढा

येत्या वर्षभरात गाडी खरोखर कुठे जाणार आहे, हे आठवून लिहून काढा. रत्नागिरीत राहणाऱ्या आणि सुट्टीला गणपतीपुळे, जयगड, गुहागर, दापोली असे फिरणाऱ्या माणसाची गरज वेगळी, आणि दर महिन्याला पुण्याहून ताम्हिणीमार्गे उतरून श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर गाठणाऱ्याची वेगळी. किनाऱ्याने जाणाऱ्याला खाड्या ओलांडाव्या लागतात : आगरदांडा ते दिघी राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेसवी सावित्री, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठी, आणि तवसाळ ते जयगड शास्त्री. सागरी महामार्गावरच्या मोठ्या पुलांची कामे हाती घेतलेली आहेत, परंतु गाडी घेणाऱ्याने आजच्या रस्त्याचा विचार करावा.

कागदावर तीन गोष्टी विशेष नोंदवा : मागे माणूस किती वेळा बसणार, सामान किती असणार, आणि एकूण अंतरापैकी मुंबई-गोवा महामार्गासारख्या रुंद रस्त्यावरचे अंतर किती. पुढच्या बहुतेक पायऱ्यांत या तीन उत्तरांची गरज पडेल. शेवटी ज्या जागेची तुम्हाला मनातून धास्ती वाटते, तिचे नाव लिहा. कुणाला ती घराकडे चढणारी कातळाची चढण असेल, कुणाला जेट्टीचा उतार, तर कुणाला पावसाळ्यातला एखादा घाट.

दुसरी पायरी : गाडी आधी ढकलून पाहा, मग चालवून

शोरूममध्ये लोक प्रथम गाडीवर बसतात आणि पाय टेकतात का ते पाहतात. त्याआधी इंजिन बंद ठेवून गाडी हाताने मागे-पुढे ढकला, अर्धवर्तुळात वळवा, आणि दारासमोर थोडा चढ असेल तर त्यावर मागे न्या. १९६ आणि १६७ यांतला २९ किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. मागे सामान बांधलेले असताना, पायाखाली ओल असताना आणि पाठीमागे टेम्पो थांबलेला असताना मात्र तोच फरक निर्णायक ठरतो.

जंगलजेट्टीचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. भरती असली की उताराचा थोडाच भाग उघडा असतो. सुकती (ओहोटी) लागली की एरवी पाण्याखाली असलेला शेवाळलेला भाग वर येतो आणि बोटीच्या लोखंडी फळीपर्यंत त्यावरूनच जावे लागते. तिथे पुढचा ब्रेक धरला की चाक सरकण्याची भीती असते. म्हणून पहिला गिअर, सरळ हँडल, एकसारखा मंद वेग आणि गरज लागलीच तर मागचा ब्रेक, ही रीत पाळावी. बोटीवर सहसा आधी मोटारी लावल्या जातात आणि उरलेल्या सांदीत दुचाकी बसवायला सांगतात, त्यामुळे गाडी हाताने मागे घेण्याची वेळ येतेच. तिथे ती साइड स्टँडवर लावून वर बघत उभे राहू नका. गिअरमध्ये ठेवा आणि बोट हलत असेपर्यंत गाडी धरून राहा. हे सगळे या गाडीसह माझ्याने होईल का, असे स्वतःला विचारा आणि उत्तर प्रामाणिकपणे द्या.

मग सीटवर बसा. व्ही-स्ट्रॉमची सीट ८३५ मिलिमीटर उंचीवर आहे. हिमालयनची ८२५ असून ती ८४५ पर्यंत वाढवता येते. कागदावर हिमालयन बुटकी ठरते, परंतु पाय जमिनीपर्यंत पोचणे हे उंचीइतकेच सीटच्या रुंदीवर अवलंबून असते, आणि एका पायावर गाडी तोलायची वेळ आली की वजनही मध्ये येते. घरून निघताना जे बूट घालणार आहात तेच घालून बसा. सुमारे साडेपाच फुटांच्या आतल्या व्यक्तीने दोन्ही पायांचे चवडे व्यवस्थित टेकतात याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये. हिमालयनसाठी कंपनीची कमी उंचीची सीट वेगळी मिळते. ती बसवलेली गाडी दाखवण्याचा आग्रह धरा.

तिसरी पायरी : चढाचे गणित मांडा

ताकदीची तुलना नुसत्या पीएसमध्ये करू नका. गाडी, माणसे आणि सामान मिळून जे वजन होते, त्याच्याशी ती ताडून पाहा. प्रत्येकी सत्तर किलोंची दोन माणसे आणि वीस किलो सामान धरले, तर हिमालयनचे एकूण वजन ३५६ किलो आणि व्ही-स्ट्रॉमचे ३२७ किलो होते. म्हणजे टनामागे हिमालयनला सुमारे ११२ पीएस आणि व्ही-स्ट्रॉमला सुमारे ८१ पीएस मिळतात. आता एकच माणूस आणि दहा किलोंची बॅग धरा : व्ही-स्ट्रॉमला टनामागे सुमारे १०७ पीएस मिळतात, तर हिमालयनला सुमारे १४५.

या चार आकड्यांत पुष्कळ काही सांगून होते. एकट्याने चालवलेली व्ही-स्ट्रॉम ही जोडीने आणि सामानासह चालवलेल्या हिमालयनच्या जवळपास येते. त्यामुळे ज्याचा बहुतेक प्रवास एकट्याचा आहे, त्याला केवळ चढासाठी मोठ्या इंजिनची आवश्यकता नाही. उलट, पाठीमागे पत्नी किंवा मित्र, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर कुंभार्ली घाट, हे ज्याचे नेहमीचे चित्र आहे, त्याला ८१ आणि ११२ मधला फरक प्रत्येक वळणावर जाणवेल. त्यात टॉर्क कोणत्या आरपीएमला मिळतो हेही महत्त्वाचे आहे. हिमालयनचा पूर्ण टॉर्क ५,५०० ला मिळतो, त्यामुळे ट्रकमागे रेंगाळून पुन्हा वेग घेताना गिअर कमी बदलावे लागतात. व्ही-स्ट्रॉमचा टॉर्क ७,३०० ला, म्हणून घाटात तिला एक गिअर खाली ठेवून इंजिन फिरते राखावे लागते. तिचे इंजिन हे आनंदाने सोसते. ही सवय लागलेला चालक घाटात मागे पडत नाही, मात्र दिवसभराच्या प्रवासात गिअरचे काम अधिक होते.

रुंद महामार्गावर तासन् तास शंभरच्या आसपास वेग राखायचा असेल, तर हिमालयन नि:संशय अधिक निवांत आहे. किनाऱ्याच्या रस्त्यावर तो वेग फारसा मिळतच नाही. केळशी, आंजर्ले, हर्णे या पट्ट्यात किंवा आचरा, मालवण, वेंगुर्ले या बाजूला वस्ती, वळणे आणि वाटेत बसलेली गुरे यांमुळे चाळीस ते साठचा वेगच शहाणपणाचा असतो, आणि त्या वेगात दोन्ही गाड्यांचे इंजिन पुरून उरते.

चौथी पायरी : चाके, टायर आणि ब्रेक

पुढचे २१ इंचांचे चाक खड्ड्यावरून आणि सुट्या खडीवरून सहज निघून जाते. १९ इंचांचे चाक वळणात हलके आणि चटकन वळते. जमिनीपासूनचे अंतर हिमालयनला २३० मिलिमीटर आणि व्ही-स्ट्रॉमला २०५ मिलिमीटर आहे, आणि हिमालयनचे सस्पेन्शन पुढे आणि मागे २०० मिलिमीटरपर्यंत वर-खाली होते. पावसाळ्यानंतरचे खड्डे, सड्यावरच्या कच्च्या वाटा आणि जांभ्याच्या उघड्या कातळावरून जाणारे आडरस्ते तुमच्या कागदावर वारंवार आले असतील, तर हिमालयनच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे. डांबरी रस्ता आणि गावातले गतिरोधक एवढेच असेल, तर २०५ मिलिमीटर पुरतात.

पंक्चरचा विचार कोकणात अधिक गांभीर्याने करावा, कारण दोन गावांमधल्या सुनसान रस्त्यावर पंक्चर काढणारा लगेच सापडत नाही. व्ही-स्ट्रॉमला अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर आहेत. पट्टी आणि हवा भरण्याचा छोटा पंप जवळ असला की काम भागते. हिमालयनला सुरुवातीला स्पोकची चाके आणि ट्यूबचे टायर होते, नंतर ट्यूबलेस स्पोकचा पर्याय आला. हिमालयन घेणार असाल तर ट्यूबलेस चाकांचाच प्रकार घ्या, त्यासाठी थोडे थांबावे लागले तरी चालेल. ट्यूबचे चाक रस्त्याकडेला, पावसात, हत्यारांनिशी उघडणे हे प्रत्येकाला जमणारे काम नाही.

हिमालयनमध्ये मागचा एबीएस बंद करता येतो. ती सोय कच्च्या वाटेसाठी आहे. पहिल्या पावसानंतर लाल माती रस्त्यावर वाहून येते आणि झाडाखालच्या डांबरावर बुळबुळीत थर बसतो, तेव्हा दोन्ही गाड्यांवर एबीएस चालूच असावा.

पाचवी पायरी : ट्रायल एकाच सकाळी, त्याच माणसासह घ्या

एक गाडी आज आणि दुसरी पंधरा दिवसांनी चालवली, तर तुलना होत नाही. दोन्ही शोरूमला आधी सांगून एकाच दिवशी वेळ घ्या, आणि पुढे मागे बसणारी जी व्यक्ती असेल तिलाच सोबत न्या. तिचे मत तुमच्या मताइतकेच मोलाचे आहे, कारण सीटची रुंदी, पाय ठेवण्याची उंची आणि धरायला असलेली जागा यांविषयी फक्त तीच सांगू शकते.

चालवताना वेगाची हौस बाजूला ठेवा आणि चार गोष्टी करून पाहा. अरुंद रस्त्यावर पाय न टेकता यू-टर्न घ्या. चढावर गाडी पूर्ण थांबवून, मागे न सरकता पुन्हा उचला. दुसऱ्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने एसटीमागे जावे तशी थोडा वेळ चालवा आणि क्लच, इंजिनची उष्णता व थ्रॉटलचा झटका यांकडे लक्ष द्या. शेवटी खराब रस्त्यावर मागच्या व्यक्तीसह जा. चिपळूणकराला परशुराम घाट जवळच आहे, सावंतवाडीकराला आंबोलीचा पायथा. इतरांना शहराबाहेरची एखादी चढण सापडेलच. परतल्यावर लगेच, बोलण्याआधी, दोघांनीही आपापली मते वेगवेगळी लिहून ठेवावीत.

सहावी पायरी : मीठ आणि पाऊस

या पायरीकडे देशावरचे परीक्षण फारसे वळत नाही, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी तर हीच सर्वांत मोठ्या खर्चाची बाब आहे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने हवेत खार असतो. स्क्रूची डोकी, सायलेन्सरचा पुढचा पाइप, डिस्कचे बोल्ट, साइड स्टँडची स्प्रिंग, चेन आणि वायरींचे जोड या जागा आधी गंजतात. स्पोकच्या चाकांत निपलापाशी खारे पाणी साचते आणि तिथून गंज सुरू होतो, तर अलॉय चाक फडक्याने पुसून होते. घर समुद्रापासून अगदी जवळ असेल, तर व्ही-स्ट्रॉमच्या बाजूने हा मुद्दा मी जड मानतो. हिमालयनच्या रेडिएटरच्या जाळीत लाल चिखल वाळून बसला तर थंड होण्याचे काम मंदावते, म्हणून ती जाळी मंद धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात. व्ही-स्ट्रॉमच्या ऑइल कूलरलाही हीच काळजी लागते.

गाडी कोणतीही घ्या, काही सवयी लावूनच घ्याव्या लागतील. जेट्टीवरून किंवा लाटांचे तुषार उडणाऱ्या रस्त्यावरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करणे, चेनला सुमारे पाचशे किलोमीटरनंतर आणि पावसाळ्यात प्रत्येक भिजलेल्या प्रवासानंतर वंगण देणे, आणि ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे आवरण न घालणे. चेनची देखभाल मेन स्टँडमुळे फार सोपी होते, म्हणून खरेदी करतानाच तो गाडीसोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो याची चौकशी करा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, कारण आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि रिकाम्या टाकीत हवा अधिक असते. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालू नका. बेअरिंग आणि चेनचे नुकसान तर होतेच, शिवाय वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि चाकाखाली काय दबते ते आपल्याला दिसत नाही.

सातवी पायरी : पूर्ण खर्च लिहा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरील दुचाकींवर ४० टक्के जीएसटी लागू आहे. या दोन गाड्या त्या रेषेच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे त्यांच्या शोरूमच्या किमतींतले अंतर पूर्वीपेक्षा वाढून ढोबळमानाने लाखभर रुपयांचे झाले आहे. विम्यातही हीच रेषा आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या दरांनुसार नव्या दुचाकीच्या पाच वर्षांच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये आणि त्यावरील गाड्यांसाठी १५,११७ रुपये आहे.

पेट्रोलचा हिशेब व्ही-स्ट्रॉमसाठी लिटरला ३५ आणि हिमालयनसाठी २८ किलोमीटर धरून करा. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवल्यास सुमारे ७१ लिटरचा फरक पडतो. लिटरला १०५ रुपये धरल्यास तो साडेसात हजारांच्या आसपास जातो. टाकीच्या आकारामुळे एका भरण्यात हिमालयन सुमारे ४७५ आणि व्ही-स्ट्रॉम सुमारे ४२० किलोमीटर जाईल. किनाऱ्यावर पंप विरळ असले तरी एवढ्या अंतरात तो मिळतोच, म्हणून टाकीच्या आकारावरून निर्णय करू नये.

वाचलेल्या पैशांतून आधी चांगले हेल्मेट, पावसात पकड न सोडणारे बूट आणि खऱ्या अर्थाने पाणी न शिरणारा रेनकोट घ्या. सामानासाठी लोखंडी पेट्यांपेक्षा कापडी सॅडलबॅग बऱ्या. गडग्यांमधल्या वाटेत आणि बोटीवरच्या गर्दीत पेट्यांची रुंदी अडचण करते.

आठवी पायरी : सर्व्हिस सेंटरला आधी भेट द्या

तुमच्या घरापासून दोन्ही कंपन्यांची सर्वांत जवळची अधिकृत सर्व्हिस कुठे आहे ते शोधा आणि तिथे प्रत्यक्ष जा. सेल्सच्या टेबलाशी न थांबता वर्कशॉपच्या प्रमुखांना विचारा : या मॉडेलची क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन सेट आणि आरसा आज शिल्लक आहे का, नसेल तर मागवल्यावर किती दिवसांत येतो, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत नंबर किती लांबतो? हिमालयनमध्ये थ्रॉटल, मोड आणि पडदा हे सारे इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे बिघाड शोधायला कंपनीचे उपकरण असलेले वर्कशॉपच लागते. व्ही-स्ट्रॉमची रचना तुलनेने साधी आहे, तरी इंधन इंजेक्शन आणि एबीएससाठी तिलाही जाणकारच हवा.

वापरलेली गाडी घेत असाल, तर टाकी आणि सीट उचलून वायरींचे जोड पाहा. तांब्यावर हिरवा थर दिसला, फोर्कच्या चकचकीत नळीवर गंजाचे ठिपके दिसले किंवा सीटखाली वाळलेल्या गाळाची रेघ आढळली, तर गाडी खाऱ्या हवेत उघड्यावर किंवा पुराच्या पाण्यात उभी राहिलेली असू शकते. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

निर्णय

आता पहिल्या पायरीचा कागद पुन्हा समोर घ्या. प्रवास बहुतेक एकट्याचा, घर किनाऱ्यालगत, रस्ते गावातले आणि जेट्ट्यांचे असतील, किंवा ढकलून पाहताना हिमालयन जड वाटली असेल, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्स घ्या. कोकणात राहणाऱ्या अधिकांश चालकांना मी हेच सुचवेन. वारंवार जोडीने व सामानासह घाट चढायचा असेल, महामार्गावरचे अंतर मोठे असेल आणि खराब वाटांची आवड असेल, तर हिमालयन ४५० वरचे जास्तीचे पैसे योग्य ठिकाणी जातात, अट एवढीच की १९६ किलो तुम्हाला ओल्या उतारावर पेलले पाहिजेत. दोन्हींकडे सारखेच मुद्दे पडत असतील, तर मागे बसणाऱ्या व्यक्तीने लिहून ठेवलेल्या मताला झुकते माप द्या.

गाडी ताब्यात घेताना इंजिन आणि चासीचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहा, टायरवरची उत्पादनाची तारीख वाचा, सगळे दिवे आणि दोन्ही ब्रेक तपासा, आणि घरी नेण्याआधीच गंजरोधक फवारणीची वेळ ठरवून टाका. पहिली सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर होईपर्यंत जोडीने घाट चढणे टाळावे आणि इंजिन एकाच आरपीएमवर लांबवर चालवू नये. गाडीची सवय करून घेण्यासाठी पहिला मोठा प्रवास दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत ठेवा, आणि पहिली जंगलजेट्टी भरतीची वेळ पाहून, शक्यतो सामान न बांधता, पार करा.